दुसऱ्याच्या मशीनला हात

शनिवार उजाडला की रंजना बोरसेचं शिवणात लक्ष लागत नसे. गुजराती मुलखातल्या नवागामच्या त्या दोन खोल्यांत साड्यांचा ढीग पडलेला असायचा, प्रत्येक साडीला काठाकाठाने लेस लावायची, संध्याकाळी टेम्पो येऊन ढीग घेऊन जायचा. एरवी तिची लेस दोरीत जायची. शनिवारी मात्र वाकडी जायची, उसवावी लागायची. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिने जूनपर्यंतच्या प्रत्येक शनिवारच्या चौकटीत पेन्सिलीने ‘साडेचार’ लिहून ठेवलं होतं. शेजारच्या शीतलला वाटायचं, कसलंतरी व्रत असेल.

"ताई, शनिवारचं काय धरलंय?" तिने एकदा विचारलंच.

"धरलंय खरं," रंजना म्हणाली. "उद्यापन कधी ते ठाऊक नाही."

साडेचारला कुठल्या देवाची आरती नव्हती. साडेचारला इंग्लंडातल्या फुटबॉलच्या एका खेळाची मुदत संपायची. खेळ मोबाइलवरचा. तिथे मैदानात खरोखर खेळणाऱ्या खेळाडूंमधून आपण आपली पंधरा जणांची टीम निवडायची, दर आठवड्याला त्यांतले अकरा उतरवायचे, ते जसे खेळतील तसे गुण आपल्याला. एकाला कॅप्टन करायचं, त्याचे गुण दुप्पट. दर आठवड्याला एखाद्याला काढून दुसऱ्याला घ्यायची मुभा. त्याला ट्रान्सफर म्हणायचं. मित्रामित्रांनी मिळून एक लीग करायची आणि एकमेकांशी चुरस लावायची. मुदत संपेपर्यंत दुसऱ्याने कोणाला काढलं, कोणाला घेतलं ते दिसत नाही. मुदत संपली की सगळ्यांच्या टीमा उघड्या.

या शेवटच्या नियमावर रंजना गेले तीन महिने जगत होती.

अमळनेरच्या कॉलेजात भूगोल घेऊन बी.ए. झालेली ही बाई. फुटबॉलचा एक सामना तिने कधी शेवटपर्यंत पाहिला नव्हता. या खेळात शिरली ती मुलाच्या मागे. मुलगा योगराज, वीस वर्षांचा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. घरात योगू. खेळाच्या पायी तो घर सोडून गेला होता, आणि गेला तरी खेळ सोडला नव्हता.

झालं होतं असं. तिचा नवरा गजेंद्र बमरोलीच्या एका खात्यात मास्तर, म्हणजे मुकादम. खातं म्हणजे लूमची शेड, चाळीस कारीगर, दिवसभर असा खडखडाट की घरी आल्यावरही तो मोठ्यानेच बोलायचा. त्याच्या बहिणीचा एक मुलगा क्रिकेटच्या सट्ट्यापायी पार धुळीला मिळाला होता. गाव सोडून गेला, तो आजवर परतला नाही. नोव्हेंबरात चहाच्या टपरीवर कोणीतरी गजेंद्रला सांगितलं, मास्तर, तुमचा योगू पण ते फॅन्टसी खेळतो. गजेंद्रला फॅन्टसी आणि सट्टा यांत फरक ठाऊक नव्हता. त्याने पोराला खात्यावर बोलावून घेतलं आणि सगळ्या कारीगरांच्या देखत त्याचा फोन लूमच्या लोखंडी चौकटीवर आपटला.

"आप्पा, यात एक रुपया लागत नाही," योगू म्हणत राहिला. खडखडाटात ते कोणाला ऐकू गेलं नसावं.

"बिनकामी," गजेंद्र म्हणाला. हे मात्र सगळ्यांना ऐकू गेलं.

रंजना तेव्हा दळण आणायला गेली होती. पिठाचा डबा घेऊन परत आली तर दाराची कडी नुसती अडकवलेली, खुंटीवरची काळी बॅग नाही आणि दोरीवरचे दोन शर्ट नाहीत.

पोलीस चौकीत नोंद करून घेतली. मुलगा सज्ञान, स्वतःच्या पायाने गेलेला, यापलीकडे तेही काय सांगणार? डिसेंबरात एका अनोळखी नंबरावरून वैभवला फोन आला, "मम्मीला सांग, बरा आहे," आणि बंद. वैभव म्हणजे योगूचा दोस्त, मूळचा नांदेडकडचा, डिंडोलीत त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. तो नंबर कोणा ट्रकवाल्याचा निघाला. हजीऱ्याच्या रस्त्यावर एका पोराने फोन मागितला, एवढंच त्याला आठवत होतं.

त्यानंतर रंजनाने गुजराती वाचायला शिकून घेतलं. शेजारच्या दुकानातून रोज शिळा पेपर आणायची आणि आतल्या पानावरच्या बारीक बातम्यांत ‘अजाण्यो युवान’, म्हणजे बेवारस सापडलेला अनोळखी तरुण, हे दोन शब्द शोधायची. उंची किती, अंगावर शर्ट कोणता. शर्टाचा रंग वेगळा निघाला की पेपरची घडी घालून ठेवायची आणि कणिक मळायला बसायची.

वैभवला ते बघवेना. एक दिवस तो तिचा फोन हातात घेऊन म्हणाला, "काकू, तुम्हाला एक दाखवतो. आमच्या लीगमधी नऊ पोरं आहेत. आठ इथंच भटकतेत. नववा योगू. बघा, गेल्या शनिवारी कुणाच्या तरी फोनवरून त्यानं दोन गडी बदललेत."

तिने पाहिलं. टीमचं नाव पूर्वी काहीतरी इंग्रजी होतं. आता होतं ‘बिनकामी इलेव्हन’.

त्याच दिवशी वैभवने तिचंही खातं उघडून दिलं. "बघा बरं, कुठं पैसे मागतंय का?" कुठेच मागत नव्हतं. लीगमधली दहावी टीम ‘लेसपट्टी इलेव्हन’, मालकीण रंजना बोरसे. तिचं नाव योगूला दिसत असणार. तो लीग सोडून गेला नाही. त्यातच तिने समाधान मानलं.

खेळाडूंची नावं तिच्या जिभेवर बसत नसत. तिने आपली ठेवली. लंब्या, भुवया जोडलेला, तांबडा, दाढीवाला, कानात मोती घालणारा. साडेचार वाजले की ती आधी योगूची टीम उघडायची. त्याने भुवयावाल्याला काढलं की ती म्हणायची, बरं केलं, तो आळशीच आहे. त्याने धाडस करून कोणा नवख्याला कॅप्टन केलं की तिला वाटायचं, पोरगं पोटभर जेवलंय, झोप झालीय. कधी बदल अगदी शेवटच्या मिनिटाला, घाईत केल्यासारखे वाटले की ती आठवडाभर विचार करायची, कामावरून सुटायला उशीर झाला असेल का, कोणी ओरडलं असेल का. लोक पत्र वाचतात तशी ती अकरा नावं वाचायची.

आणि फेब्रुवारी सरता सरता ती नावं बदलेनाशी झाली.

पहिल्या शनिवारी तिने मनाशी म्हटलं, बदलावंसं वाटलं नसेल. त्याच दिवशीच्या सामन्यात लंब्या लंगडत बाहेर गेला. लंब्या योगूचा कॅप्टन. दुसऱ्या शनिवारी लंब्याच्या नावापुढे लाल खूण आली, म्हणजे खेळणार नाही. लीगमधल्या सगळ्यांनी त्याला काढला, तिनेसुद्धा. योगूच्या टीममध्ये तो तसाच, दंडावर कॅप्टनची पट्टी. तिसऱ्या शनिवारी आणखी दोघांपुढे लाल खुणा. योगूने हात लावला नाही. नंतर देशादेशांचे सामने आले आणि दोन आठवडे खेळच थांबला. पाच आठवडे. पेपरातली बारीक बातमी रंजना आता दोन दोनदा वाचायची.

टीम थांबल्याचं तिने गजेंद्रला सांगितलं; हे वाईट का, ते समजवायची गरज नव्हती, कारण शिकवण त्याचीच. सुट्टीत योगू खात्यावर जायचा तेव्हा गजेंद्र त्याला एकच गोष्ट शिकवायचा. ताण्यातला, उभ्या सुतातला, तार तुटलेला दिसला आणि बघून पुढे गेला, तो कारीगर नव्हे. हातातलं काम सोडून आधी गाठ मारायची. योगू तर बारा वर्षांचा असताना नुसत्या आवाजावरून ओळखायचा, कुठल्या मशीनवर तार गेला ते. तोच पोरगा तीन तीन तार तुटलेले ठेवून पाच आठवडे बघत बसेल?

बघत असेल तर.

शुक्रवारी संध्याकाळी गजेंद्र जेवायला बसला. नोव्हेंबरपासून तो घरात फार बोलत नसे. सुट्टीच्या दिवशी न सांगता बसने हजीऱ्याला जायचा, कुठल्या कुठल्या कारखान्यांच्या गेटवर पाळी सुटताना उभा राहायचा, आणि परत येऊन पाय धुऊन झोपायचा. पण त्या दिवशी काय मनात आलं कोण जाणे, भाकरी मोडता मोडता आपणहून गावाकडच्या बोलीत बोलला.

"आज तो सुकदेव गायब. बठ्ठं खातं शोधं, नही सापडना." सुकदेव म्हणजे त्याच्या खात्यातला जुना कारीगर, कामाला वाघ, पण बिडीला पळणारा. "मंग मी काय करं? त्याना मशीनना हांडल वढा. मशीन बंद. दोन मिनिटमा पयत उना, शिव्या देत. म्हने, कोणी हात लावा मना मशीनले!"

त्याच्या ओठावर हसू येतायेता राहिलं.

"एवढ्या आवाजात त्याला कळलं कसं?" रंजनाने विचारलं.

"त्याना मशीनना आवाज त्याले टपरीवर बी ऐकू येस. कारीगर सापडत नही ना, त्याना मशीनले हात लाव. कुठे बी ऱ्हावो, येस."

रंजनाचा हात परातीत तसाच राहिला.

शनिवारी सकाळी तिने पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढून योगूच्या वह्या काढल्या. कॉलेजच्या एका रफ वहीच्या शेवटच्या पानावर टीमचे जुने आराखडे होते, बाणच बाण, आणि कोपऱ्यात दोन ओळी. एक त्याचा ईमेल. दुसरी पासवर्ड. ती दुसरी ओळ तिने बोट ठेवून वाचली. ‘आप्पा’, इंग्रजी अक्षरांत, आणि पुढे बमरोलीच्या खात्याचा नंबर, सत्तेचाळीस.

तिने वही कॅलेंडरखालच्या फळीवर ठेवली. साडेचारला वेळ होता. तीस साड्या संपवायच्या होत्या. दुपारी जेवण उरकून ती मशीनवर बसली आणि मनातल्या मनात ठरवत राहिली, हात लावायचा तर कुठे लावायचा. सुकदेवचं मशीन गजेंद्रने बंद पाडलं होतं. तसं तिलाही करता आलं असतं. योगूचा गोलकीपर, पहिल्या दिवसापासूनचा लाडका, ज्याला जन्मात विकणार नाही असं तो म्हणायचा, त्याला काढून टाकायचा. मग बघू कसा ओरडत येत नाही.

तीन वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. वैभव.

"काकू, ट्रान्सफर केली का? आज साडेतीनला बंद आहे बरं."

"साडेचार ना रे?"

"न्हाई ओ. तिकडं उन्हाळ्याची घड्याळं एक तास पुढं केली. बारक्या अक्षरात लिहिलेलं असतंय वर, तुम्ही बघतच न्हाई. कॅलेंडरच धरून बसता."

तिने कॅलेंडरकडे पाहिलं. तीन महिने जपलेलं साडेचार तिच्याकडे तसंच बघत होतं. तिच्या पायाखालून मशीनचा पेडल सुटला.

"वैभव, मला योगूच्या टीममध्ये जायचंय. पासवर्ड सापडलाय."

"काकू, असं नसतंय करायचं. दुसऱ्याच्या टीमला हात लावला तर लीगमधी मारामाऱ्या होतेत."

"होऊ दे. मारामारी करायला तरी येईल."

वैभव हळू आवाजात म्हणाला, "लॉगिन कुठंय माहितीये ना? आधी तुमच्या टीममधून बाहेर पडा. मी फोन ठेवत न्हाई, स्पीकरवर टाका."

एकदा चुकलं. ‘आप्पा’मधला एक पी राहिला होता. दुसऱ्यांदा दार उघडलं आणि ‘बिनकामी इलेव्हन’ तिच्यासमोर आली, आतून. इतके दिवस ती खिडकीतून बघत होती. वर लिहिलं होतं, मुदत आज दुपारी साडेतीन. घड्याळात तीन सतरा.

"कोणाला काढायचं?" वैभवने विचारलं.

तिचं बोट गोलकीपरवर होतं. दाबलं की झालं. दोन मिनिटांत पळत येईल. तिने बोट उचललं, पुन्हा ठेवलं. गोलकीपरच्या फोटोतलं तोंड ओळखीचं होतं, योगूच्या पुस्तकाच्या कव्हरवर चिकटवलेलं. तीन एकवीस.

"काकू?"

"थांब."

पोरगं कुठे आहे, कसं आहे, अंगात ताप आहे का, कोणाशी बोलतंय का, काही ठाऊक नाही. त्याच्याकडे स्वतःचं म्हणावं असं हे एवढंच उरलेलं. एकाने ते चाळीस जणांसमोर फोडलं. आता आईने आतून मोडायचं? समजा तो आला, दार वाजवलं, आणि विचारलं, मम्मी तू पण? तर काय सांगणार होती ती?

आणि समजा बघायला कोणीच नसलं, तर त्याची शेवटची टीम तिच्या हातून मोडलेली राहणार होती. हा विचार आला तसा तिने दाबून टाकला, पण तो जाईना.

"लंब्याला काढते," ती म्हणाली. "गाठ मारते."

"बराबर. एकच फ्री आहे का? न्हाई, न वापरलेले पाच साठलेत. तिघंबी बदलता येतील. बाकीच्या दोघांच्या जागी मी सांगतो ते घ्या, आन् लंब्याच्या जागी तांबडा घ्या. सगळ्यांनी तांबडाच घेतलाय."

तीन चोवीस. दोघांच्या जागी तिने वैभवने सांगितलेले दोन गडी घेतले. लंब्याची जागा रिकामी राहिली. तांबड्यावर तिचं बोट गेलं आणि थांबलं. सगळ्यांनी घेतलाय, म्हणजे योगू नक्की घेणार नाही. मागच्या दिवाळीआधी ती लेस लावत होती आणि तो जमिनीवर पालथा पडून बडबडत होता. मम्मी, हा दाढीवाला बघ. याची टीम तळाला आहे म्हणून याला कोणी घेत नाही. पण फ्री किक सगळ्या हाच मारतो, घरच्या मैदानावर तर हमखास. एक दिवस मी घेणार. तिने तेव्हा नुसतं हूं म्हटलं होतं, कारण सुईत दोरा जात नव्हता.

"दाढीवाल्याचा सामना घरी आहे का बाहेर?"

"कोण दाढीवाला?"

"तळाच्या टीमचा. फ्री किकवाला."

वैभवने शोधलं. "घरी आहे. पण काकू, तो लई भंगार—"

"घेतला."

"आन् कॅप्टन? तीन सत्तावीस झालेत, काकू."

"तोच."

पलीकडून वैभवचा सुस्कारा ऐकू आला. खात्री आहे का, असं फोनने विचारलं. नव्हती. तिने होय दाबलं. तीन एकोणतीसला पडद्यावर हिरवी पट्टी आली, बदल नोंदले गेले. मग सगळं करडं झालं आणि कुलूप बसलं. ती मशीनवर डोकं टेकून किती वेळ बसली कोण जाणे. टेम्पो आला तेव्हा अकरा साड्या बाकी होत्या, आणि टेम्पोवाला भूपेंद्रभाई जे बोलला ते तिने ऐकून घेतलं.

दाढीवाल्याने त्या दिवशी एकही गोल केला नाही. उलट पंचांशी हुज्जत घालून पिवळं कार्ड घेतलं. एक गुण, कॅप्टन म्हणून दोन. तांबड्याने दोन गोल मारले. लीगमधली पोरं वैभवला विचारत होती, योगूचं डोकं फिरलं का? वैभवने विषय बदलला.

शनिवारची रात्र गेली. फोन आला नाही. रविवारची सकाळ गेली. गजेंद्र पहाटेच हजीऱ्याला गेला होता. रंजनाने तीनदा फोन बंद करून चालू केला, रिंग होते का ते शीतलच्या फोनवरून पाहिलं. सुकदेव दोन मिनिटांत आला होता.

दुपारी एकच्या सुमाराला तिला वाटलं, निदान टीम परत एकदा आतून बघावी. दुसरं काही नाही. ईमेल टाकला, पासवर्ड टाकला. लाल अक्षरं आली. पासवर्ड चुकीचा.

पी राहिला असेल. तिने एकेक अक्षर वहीत बघून टाकलं. पासवर्ड चुकीचा.

ती चपला न घालता डिंडोलीच्या दुकानापर्यंत गेली. वैभवने तिच्या हातातून फोन घेतला, टाकून पाहिलं, आणि मान वर केली.

"बदललाय."

"आपोआप बदलतो?"

"न्हाई काकू. आपोआप कसा बदलेल? कोणीतरी बसून बदललाय. कालच्या बदलानंतर." तो हसायला लागला. "भडकला असणार. दाढीवाला कॅप्टन बघून लई भडकला असणार."

"अजून एकदा टाकून बघू?"

"नका ओ. लॉक होईल."

"एकदाच."

त्याने टाकू दिलं. पुन्हा लाल अक्षरं. दुकानात मोबाइलची काच बसवायला आलेला माणूस बघत होता, ही बाई पासवर्ड चुकल्यावर पदर तोंडाला का लावते आहे.

गजेंद्र अडीचला परतला. हजीऱ्याची धूळ पापण्यांपर्यंत. रंजनाने पाण्याचा तांब्या दिला आणि सगळं सांगितलं. सुकदेवच्या गोष्टीपासून सांगितलं, साडेतीनचं, दाढीवाल्याचं, कुलपाचं. तो उभ्यानेच ऐकत होता.

"फोन नही उना?"

"नाही. पण दार आतून लावलंय त्याने."

त्याने तांब्या खाली ठेवला. "पहिला काय व्हता? पासवर्ड."

तिने फळीवरची वही काढून ते पान त्याच्या समोर धरलं. गजेंद्रला इंग्रजी फार येत नसे, पण तेवढं आलं. त्याने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. बाहेर कोणीतरी भांडी घासत होतं.

"आन् आते? नवा?"

"तो आता त्यालाच माहीत."

गजेंद्रने वही मिटून होती तशी फळीवर ठेवली. तिथेच वर कॅलेंडर होतं. त्याने पुढच्या शनिवारच्या चौकटीतलं ‘साडेचार’ अंगठ्याने पुसलं, नीट पुसलं गेलं नाही म्हणून पुन्हा थुंकी लावून पुसलं, आणि तिच्याकडे हात पुढे केला.

रंजनाने मशीनच्या खणातून पेन्सिल काढून दिली. मास्तरांच्या मोठ्या, तिरक्या अक्षरात त्याने लिहिलं, ‘साडेतीन’. मग त्याच्या पुढच्या शनिवारचं पुसायला लागला.